जुन्या फोर्डची हॉट रॉड: इंजिन आणि गिअरबॉक्स निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॉट रॉड म्हणजे जुन्या गाडीत जास्त ताकदीचं इंजिन घालून नव्याने बांधलेली गाडी. ही उत्तरं १९२८ ते १९३४ च्या अमेरिकन फोर्ड गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. म्हणजे मॉडेल ए, १९३२ ची 'ड्यूस' आणि तिच्या पाठोपाठ आलेल्या १९३३-३४ च्या गाड्या. हॉट रॉडची बहुतेक कामं याच गाड्यांवर होतात आणि नवे सुटे भागही यांचेच सर्वांत जास्त मिळतात. प्रश्न प्रामुख्याने अमेरिकेत राहून स्वतःच्या गॅरेजमध्ये गाडी बांधणाऱ्या मराठी मंडळींचे आहेत. मुंबई-पुण्याहून विचारणाऱ्यांसाठी खाली वेगळं उत्तर आहे.

आधी इंजिन ठरवायचं की गिअरबॉक्स?

आधी मागचं टायर ठरवा. मग मागच्या एक्सलमधल्या डिफरन्शिअलचा रेशो (शाफ्ट किती वेळा फिरल्यावर चाक एकदा फिरतं तो आकडा), त्यानंतर गिअरबॉक्स आणि सगळ्यात शेवटी इंजिन.

बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. एखादं इंजिन स्वस्तात हाती लागतं, ते चासीत बसवलं जातं, मग त्याला जुळेल तो गिअरबॉक्स शोधायचा आणि मागे मिळेल तो एक्सल टाकायचा. गाडी दिसते झकास. पण हायवेला ताशी ६५ मैलांवर इंजिन ३२०० आरपीएमवर कोकलत राहतं आणि शेजारी बसलेल्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. अशा गाड्या वर्षभरात विकायला निघतात, आणि जाहिरातीत लिहिलेलं असतं, 'फारच कमी चाललेली'.

म्हणून पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा: ही गाडी जाणार कुठे? गावातल्या गावात शनिवारची चक्कर असेल तर कुठलीही जोडी चालते. दुसऱ्या राज्यातल्या प्रदर्शनाला स्वतः चालवत न्यायची असेल तर ओव्हरड्राइव्ह (हायवेला इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा सगळ्यात वरचा गिअर) हवाच. आणि ड्रॅग स्ट्रिपवर न्यायची असेल तर ही प्रश्नोत्तरं तुमच्यासाठी नाहीत.

रेशोचं गणित सोपं करून सांगाल का?

ताशी मैल गुणिले एकूण रेशो (गिअरचा गुणिले एक्सलचा) गुणिले ३३६, भागिले टायरचा इंचांतला व्यास. उत्तर आरपीएममध्ये येतं. ६५ मैल वेग आणि २८ इंचांचं टायर धरलं तर रेशो सोडून बाकी सगळ्याचा गुणाकार-भागाकार बरोबर ७८० येतो. आता फक्त रेशोने गुणत जा.

३.०० चा एक्सल आणि वरचा गिअर थेट १:१, तर २३४० आरपीएम. ३.७३ ला साधारण २९१०. ४.११ ला ३२०० च्या वर. ३.७३ सोबत ०.७० चा ओव्हरड्राइव्ह घातला की तोच आकडा २०४० च्या आसपास येतो.

दुसरं गणित पहिल्या गिअरचं. पहिल्या गिअरचा रेशो आणि एक्सलचा रेशो यांचा गुणाकार करा. हलक्या गाडीत हा १० च्या आसपास असला की सिग्नलवरून गाडी सहज उठते. टीएच-३५० या जनरल मोटर्सच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.५२, मागे ३.०० असेल तर गुणाकार साडेसातच येतो, गाडी उठायला आळस करते. त्याच कंपनीच्या ओव्हरड्राइव्हवाल्या ७००आर४ चा पहिला ३.०६, मागे ३.७३ टाकलं तर ११.४, म्हणजे उत्तम. शेवरोले एस-१० पिकअपच्या काही टी-५ मॅन्युअल गिअरबॉक्सचा पहिला गिअर मात्र ४.०३ आहे. त्यामागे ३.७३ टाकलंत तर गुणाकार १५ होतो आणि चौक ओलांडायच्या आत दुसरा गिअर मागतो.

आणि याची उलटी चूक: ३.०० चा एक्सल आणि वर ०.७० चा ओव्हरड्राइव्ह. ६५ मैलांवर जेमतेम १६४० आरपीएम. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) जास्त ताकदीसाठी बदललेला, म्हणजे 'हॉट' असेल तर एवढ्या खाली इंजिन गचके देतं, तुम्ही ओव्हरड्राइव्ह वापरणं सोडता, आणि त्यावर घातलेले पैसे गिअरबॉक्सच्या आतच पडून राहतात.

फ्लॅटहेड व्ही-८ घालावं का? मनात तेच आहे.

मनात असेल तर घाला, पण काय घेताय ते नीट माहीत असू द्या.

१९३२ साली हेन्री फोर्डने सामान्य माणसाच्या गाडीत हे व्ही-८, म्हणजे V आकारात आठ सिलिंडरचं इंजिन दिलं. क्षमता २२१ घनइंच, ६५ हॉर्सपॉवर, आणि दोन्ही बाजूंचे सिलिंडर एकाच ओतीव ब्लॉकमध्ये. काही वर्षांतच ही इंजिनं भंगारात स्वस्तात मिळायला लागली आणि दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी ती मॉडेल ए मध्ये घालून म्युरॉकच्या कोरड्या सरोवरावर पळवली. त्या शर्यतींना शिस्त लावण्यासाठी १९३७ मध्ये एससीटीए (सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन) ही संघटना उभी राहिली. पुढे एडलब्रॉक, ऑफेनहाउजर यांच्या ॲल्युमिनियमच्या हेडनी आणि मॅनिफोल्डनी या इंजिनाला जे रूप दिलं, ते आजही बोनेट उघडल्यावर बघणाऱ्याला जागीच खिळवून ठेवतं. दुसऱ्या कुठल्याही इंजिनाला हे जमत नाही, हे माझं ठाम मत आहे.

आता दुसरी बाजू. यात व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये आहेत (हेड नुसतं सपाट झाकण, म्हणून फ्लॅटहेड), आणि जळालेला वायू ब्लॉकच्या पोटातून, पाण्याच्या जागेतून वाट काढत बाहेर पडतो. मधल्या दोन सिलिंडरना तर एकच एक्झॉस्ट पोर्ट. त्यामुळे सगळी उष्णता थंड करायच्या पाण्यातच जाते. रेडिएटर कमी पडला की इंजिन तापतं, आणि वर्षानुवर्षं तापल्यामुळे व्हॉल्व्हच्या बैठकीपासून सिलिंडरपर्यंत किंवा हेडच्या बोल्टच्या भोकांभोवती ब्लॉकला चिरा पडतात. वरून ब्लॉक कितीही चकचकीत दिसो, पूर्ण उघडून, रसायनात धुऊन, चुंबकीय तपासणी आणि पाण्याच्या दाबाची चाचणी होईपर्यंत पैसे मोजू नका. विकणारा यातल्या एकाही गोष्टीला 'गरज नाही' म्हणाला तर चहा प्या आणि निघा.

कोणतं घ्यावं? १९४९ ते १९५३ चं. पाण्याचा प्रवाह सुधारलेला आहे आणि डिस्ट्रिब्युटर (प्लगना वीज वाटणारा भाग) उभा आहे, हाताला येतो. त्याआधीच्या इंजिनांत तो पुढे कॅमशाफ्टच्या तोंडावर असतो आणि तिथे हात घालणं ही शिक्षाच. त्याच काळातल्या मर्क्युरी गाडीचा क्रँक ४ इंच स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टनला ४ इंच वरखाली नेणारा आहे. तो मिळाला आणि बोअर (सिलिंडरचा व्यास) ३ ५/१६ इंच केलं की २७६ घनइंच होतात. एक लक्षात ठेवा: १९४८ पर्यंतच्या ब्लॉकला बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारं घंटेसारखं कवच) ओतूनच जोडलेलं असतं, नंतरच्याला ते सुटं आहे. त्यामुळे १९४९ नंतरच्या इंजिनामागे जुना फोर्ड गिअरबॉक्स लावायचा तर फोर्ड ट्रकचं बेलहाउसिंग शोधावं लागतं.

ताकद किती? मर्क्युरीचं फॅक्टरीतून ११० हॉर्सपॉवरचं यायचं. चांगल्या मशीन शॉपचं काम, दोन कार्ब्युरेटर आणि बरा कॅम यांवर रस्त्यावर चालणारं इंजिन दीडशेच्या आसपास जातं. त्यासाठी जो खर्च येतो तेवढ्यात नवं शेवरोले इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही येतात. हौसेला मोल नसतं, पण हिशोब आधी बघून ठेवलेला बरा.

मग जो तो शेवरोलेचं ३५० (घनइंची इंजिन) का घालतो? फोर्डच्या गाडीत शेवरोले, हे पटत नाही.

पटो न पटो, त्यामागे कारणं आहेत. शेवरोलेचं स्मॉल ब्लॉक १९५५ मध्ये २६५ घनइंचांचं आलं. मग १९५७ मध्ये २८३, १९६२ मध्ये ३२७ आणि १९६७ मध्ये ३५०. वजन फ्लॅटहेडच्या आसपासच, पण ताकद दुप्पट. २०११ मध्ये जनरल मोटर्सने आपलं दहा कोटीवं स्मॉल ब्लॉक साजरं केलं. एवढी इंजिनं निघाली म्हटल्यावर वॉटर पंपपासून पिस्टनपर्यंत प्रत्येक भाग अमेरिकेतल्या कुठल्याही गावी, रविवारी सकाळी सुद्धा मिळतो. प्रवासात बंद पडलेल्या गाडीच्या मालकाला या गोष्टीची किंमत सांगावी लागत नाही.

मॉडेल ए आणि ड्यूसमध्ये बसवताना तीन जागा अडतात. पहिली, डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या मागे, म्हणजे थेट फायरवॉलवर (इंजिन आणि पायांची जागा यांमधल्या पत्र्यावर) येतो. सत्तरच्या दशकातल्या एचईआय या इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटरची टोपी चांगली रुंद असते. ती बसवायची तर फायरवॉल आत ढकलावी लागते आणि तेवढी पायांची जागा जाते. लहान टोपीचा जुना डिस्ट्रिब्युटर घ्या. दुसरी, वॉटर पंप. १९६९ पासून बहुतेक गाड्यांना लांब पंप आले. तुम्हाला त्याआधीचा आखूड हवा, नाहीतर पंखा रेडिएटरला टेकतो. तिसरी, स्टिअरिंगचा बॉक्स आणि एक्झॉस्ट एकाच जागेवर हक्क सांगतात. यासाठी जुन्या शेवरोलेचे 'रॅम्स हॉर्न' नावाचे बिडाचे मॅनिफोल्ड शोधा. मधूनच खाली उतरतात, ब्लॉकला चिकटून राहतात, आणि जुन्या गाडीत शोभतातही.

३५० घेताना वर्ष बघावं लागतं का?

लागतं. १९८६ पासून मागचं ऑइल सील एकसंध झालं आणि त्याबरोबर क्रँकची मागची फ्लँज बदलली. जुन्या इंजिनाचं फ्लायव्हील नव्याला लागत नाही. १९८७ पासून फॅक्टरीतूनच रोलर कॅम यायला लागला, तो मिळाला तर सोडू नका. व्हॉल्व्ह कव्हरचे बोल्ट कडेने न येता मधून यायला लागले तेही याच सुमाराला, त्यामुळे जुन्या पद्धतीची फिन असलेली सुंदर ॲल्युमिनियमची कव्हरं नव्या हेडवर सरळ बसत नाहीत. गाडी १९५८ साली बांधलेली वाटावी अशी इच्छा असेल तर हा बोल्टांचा मुद्दा सगळ्यात जास्त छळतो.

फोर्डमध्ये फोर्डच हवं, पण फ्लॅटहेड नको. काय घ्यावं?

३०२. स्मॉल ब्लॉक फोर्डचं हे घराणं १९६२ मध्ये २२१ पासून सुरू झालं, मग २६०, २८९ आणि १९६८ मध्ये ३०२. शेवरोलेपेक्षा अरुंद आणि हलकं, साधारण २१० किलोंचं. डिस्ट्रिब्युटर पुढे, म्हणून फायरवॉल कापायचं काम नाही. माझ्या मते मॉडेल ए साठी हे ३५० पेक्षा बरं इंजिन आहे. तरी लोक घेत नाहीत, कारण शेजाऱ्याने ३५० घातलेलं असतं.

दोन गोष्टी जपा. ऑइल चेंबरचं खोल पोट बहुतेक गाड्यांत पुढे असतं, ते फोर्डच्या पुढच्या क्रॉसमेंबरवर बसतं. मागे पोट असलेला चेंबर घ्यावा लागतो. दुसरी गोष्ट जास्त महागात पडते. जुन्या ३०२ चा बॅलन्स (फिरताना तोल राहावा म्हणून फ्लायव्हील आणि बॅलन्सरवर दिलेलं वजन) २८ औंसांचा आहे, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून तो ५० औंस झाला. फ्लायव्हील आणि पुढचा बॅलन्सर दोन्ही त्याच आकड्याचे हवेत. २८ च्या इंजिनाला ५० चं फ्लायव्हील लावलं तर इंजिन सुरू होतं, फिरतं, आणि गाडीचे नट ढिले करत बेअरिंग खातं. फायरिंग ऑर्डरही (सिलिंडर पेटण्याचा क्रम) दोन आहेत: जुन्या ३०२ ची वेगळी आणि याच इंजिनाच्या नंतरच्या 'पाच लिटर एचओ' आवृत्तीची फोर्डच्या ३५१ सारखी. कोणता कॅम आत आहे हे माहीत नसेल तर प्लगच्या वायरी लावताना दोन्ही करून बघण्याची पाळी येते.

एलएस इंजिन घातलं तर?

१९९७ च्या शेवरोले कॉर्वेटबरोबर या नव्या घराण्यातलं पहिलं एलएस१ आलं, ३४५ हॉर्सपॉवरचं आणि ॲल्युमिनियम ब्लॉकचं. पुढे याच घराण्यातली ४.८, ५.३ आणि ६.० लिटरची इंजिनं पिकअप ट्रकांत लाखोंनी गेली आणि आज भंगार अड्ड्यांवर तीच सगळ्यात स्वस्त मिळतात. सकाळच्या थंडीत अर्ध्या सेल्फवर सुरू होतं, पेट्रोल कमी पितं, डोंगरावर कार्ब्युरेटरसारखं कुरकुरत नाही.

किंमत मात्र इंजिनापाशी संपत नाही. वायरिंग हार्नेस, कॉम्प्युटर आणि त्यातली चोरीविरोधी यंत्रणा बंद करून घेणं, ५८ पीएसआयचा इंधनपंप आणि त्या दाबाला टिकणारी नळी, वेगळा ऑइल चेंबर, वेगळे हेडर. शिवाय दिसायला हे इंजिन म्हणजे प्लास्टिकचा डबा आणि दोन्ही बाजूंना इग्निशन कॉइलींची रांग. बोनेटच्या बाजू उघड्या ठेवायच्या असतील तर हा विचार आत्ताच करा. बाजू बंद ठेवून रोज चालवायची गाडी असेल तर मी एलएसच सुचवेन, आणि परंपरावाद्यांची बोलणी खायला तयार राहा म्हणेन.

फोर्डचं २०११ पासूनचं पाच लिटर कोयोटी मात्र या गाड्यांसाठी नाही. दोन-दोन ओव्हरहेड कॅममुळे ते इतकं रुंद आहे की ड्यूसच्या चासीत स्टिअरिंगला जागा काढणं फार अवघड जातं.

हेमी, नेलहेड, जुनं कॅडिलॅक?

१९४९ मध्ये ओल्ड्समोबिलचं ३०३ आणि कॅडिलॅकचं ३३१ आलं, १९५१ मध्ये क्रायस्लरचं ३३१ घनइंची हेमी, १९५३ मध्ये ब्यूकचं नेलहेड. पन्नाशीच्या दशकातली खरी रॉड बांधायची तर हीच इंजिनं. हेमीचं रुंद हेड आणि मधोमध प्लग बघून भले भले विरघळतात. पण ते तीनशे किलोंच्या वर जातं आणि पुढचा एक्सल दाबून टाकतं. मॉडेल ए ला हे म्हणजे नाकापेक्षा मोती जड. नेलहेड त्यातल्या त्यात अरुंद, चासीत छान बसतं. चारही बाबतींत आधुनिक गिअरबॉक्स लावायला ॲडॅप्टर प्लेट लागते. ती मिळते का, याची खात्री इंजिन घ्यायच्या आधी करा.

मूळचं चार सिलिंडरचं इंजिन ठेवलं तर हसतील का?

हसणार नाहीत, उलट जाणकार आधी तिकडेच वळतील. मॉडेल एचं २०० घनइंची इंजिन ४० हॉर्सपॉवरचं आहे. त्याच्यासाठी विनफिल्डचे कार्ब्युरेटर आणि कॅम, रायलीची ओव्हरहेड व्हॉल्व्हची हेड फ्लॅटहेड व्ही-८ च्याही आधीपासून बनत होती. फक्त हायवेचा हट्ट सोडावा लागतो.

किती हॉर्सपॉवर पुरेत?

तयार रोडस्टरचं वजन अकराशे किलोंच्या आसपास असतं. तिला सव्वादोनशे-अडीचशे हॉर्सपॉवर म्हणजे भरपूर. यापुढे इंजिन वाढवलं की ब्रेक, एक्सल, चासी, कूलिंग सगळं वाढवावं लागतं, आणि पुढची टायरं तरीही तेवढीच अरुंद राहतात. चारशेच्या गप्पा मारणाऱ्याला एकदा पावसात ती गाडी चालवायला सांगा.

ऑटोमॅटिक घातली तर चालेल की ती हॉट रॉड राहणार नाही?

राहील. आणि पायाखालच्या जागेचा विचार केला तर मॉडेल ए मध्ये क्लचचं पेडल तिसरं म्हणून बसवणं हेच एक प्रकरण असतं, विशेषतः तुमचा बूट मोठा असेल तर.

टीएच-३५० म्हणजे १९६९ पासूनची, तीन गिअरची, आखूड, साधी आणि मार खाणारी. ओव्हरड्राइव्ह नाही. मागे ३.०० ते ३.२५ चा एक्सल असेल आणि फार लांब जायचं नसेल तर हीच.

ओव्हरड्राइव्ह हवा तर दोन पर्याय. ७००आर४ ची १९८७ नंतरची घ्या. आधीच्या आवृत्त्यांत सुधारणा राहून गेल्या होत्या. ती टीएच-३५० पेक्षा सुमारे ३ इंच लांब आहे, त्यामुळे क्रॉसमेंबर आणि प्रोपेलर शाफ्ट दोन्ही बदलतात. दुसरी २००-४आर. तिची लांबी टीएच-३५० इतकीच, पहिला गिअर २.७४ आणि ओव्हरड्राइव्ह ०.६७. आधीपासून टीएच-३५० असलेल्या गाडीत ती सहज शिरते, फक्त माउंटिंगची जागा मागे सरकते. मला जास्त आवडते तीच, कारण पहिला आणि दुसरा गिअर यांत ७००आर४ सारखी दरी नाही.

दोन्हींचा जीव एका तारेत असतो. टीव्ही केबल म्हणतात ती. कार्ब्युरेटरच्या लिव्हरला जोडलेली ही तार नुसती गिअर कधी बदलायचा ते सांगत नाही, आतला तेलाचा दाबही तीच ठरवते. तार ढिली किंवा कार्ब्युरेटरच्या लिव्हरची भूमिती चुकीची, तर दाब कमी, क्लच घसरतात आणि चांगली गिअरबॉक्स पहिल्याच प्रवासात जळते. म्हणून तीन कार्ब्युरेटर आणि ७००आर४ अशी जोडी करणार असाल तर योग्य भूमितीचा ब्रॅकेट आधी, प्रवास नंतर. दाबाचं मीटर लावून खात्री करा. ४एल६०ई मध्ये ही तार नाही, पण तिला इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर आणि थ्रॉटलचा सेन्सर लागतो.

फोर्ड इंजिनामागे फोर्डचीच साधी ऑटोमॅटिक सी-४ किंवा ओव्हरड्राइव्हची एओडी. एओडीलाही हीच तारेची कथा लागू.

मॅन्युअलच हवी. कोणती?

फ्लॅटहेडमागे १९३९ ची फोर्डची तीन गिअरची. दुसरा-तिसरा सिंक्रो आहे (म्हणजे गाडी चालू असताना गिअर सहज पडतो), पहिला नाही. गाडी थांबल्याशिवाय पहिल्यात टाकू नका. लिंकन-झेफरचे गिअर मिळाले तर दुसऱ्या गिअरमध्ये फ्लॅटहेड जो आवाज करतं तो ऐकायला लोक रस्त्यावर थांबतात. शेवरोलेच्या ताकदीला मात्र ही गिअरबॉक्स टिकत नाही.

बाकी सगळ्यांसाठी टी-५. बोर्ग-वॉर्नरची ही पाच गिअरची बॉक्स १९८३ पासून मस्टँगमध्ये आली. हलकी, अरुंद, हाताला गोड. मस्टँगच्या बॉक्सची लिव्हर मागे येते आणि मॉडेल ए मध्ये ती थेट सीटमध्ये घुसते. म्हणून तिच्यावर एस-१० पिकअपचा मागचा भाग आणि वरचं झाकण चढवतात. लिव्हर पुढे सरकते. टॉर्कची मर्यादा आवृत्तीनुसार २६५ ते ३३० फूट-पाउंड. हलक्या गाडीत, अरुंद टायरांवर ३५० मागेही ती वर्षानुवर्षं चालते, कारण ताण येण्याआधी टायर घसरतात. रुंद, चिकट टायर लावून क्लच सोडलात तर दुसरा-तिसरा गिअर हातात येईल. तसा बेत असेल तर जास्त ताकद सोसणारी ट्रेमेकची टीकेएक्स घ्या. मन्सी चार गिअरची बॉक्स दिसायला-ऐकायला अस्सल, पण ओव्हरड्राइव्ह नाही.

मूळचा मागचा एक्सल ठेवता येईल?

जुन्या फोर्डमध्ये प्रोपेलर शाफ्ट एका बंद नळीत असतो आणि गाडी पुढे ढकलण्याचा जोरही तीच नळी चासीपर्यंत नेते. आधुनिक गिअरबॉक्स घातली की ती नळी जाते, आणि मग एक्सलला धरून ठेवणारे रॉड वेगळे बसवावे लागतात. एवढं काम करायचंच असेल तर मूळचा एक्सल ठेवण्यात अर्थ उरत नाही. शिवाय त्याचे निमुळते, चावीवर बसणारे शाफ्ट ३५० च्या धक्क्याने तुटतात. फोर्डचा ८ किंवा ९ इंची एक्सल, नाहीतर एक्सप्लोररचा डिस्क ब्रेकवाला ८.८ शोधा. फ्लॅटहेड आणि १९३९ ची गिअरबॉक्स असेल तर मूळचा एक्सल खुशाल ठेवा, ३.७८ चा रेशो त्या इंजिनाला मानवतो.

तीन कार्ब्युरेटर लावावेत का?

दिसण्यासाठी लावा, ताकदीसाठी नको. तीन स्ट्रॉमबर्ग ९७ लावायचे तर प्रोग्रेसिव्ह लिंकेज घ्या. मधला एकटा काम करतो, बाकीचे दोन पाय दाबल्यावरच उघडतात. ९७ ला इंधनाचा दाब अडीच-तीन पीएसआयपेक्षा जास्त सोसत नाही. आजचा साधा पंप त्याहून जास्त देतो, सुई उचलली जाते आणि पेट्रोल मॅनिफोल्डवर वाहतं. रेग्युलेटर लावल्याशिवाय सुरूच करू नका.

क्रेट इंजिन की भंगारातलं?

नव्याने बांधणाऱ्याला क्रेट, म्हणजे खोक्यात येणारं नवं इंजिन. वॉरंटी असते, आत काय आहे हे माहीत असतं. फक्त खोक्यात काय नाही ते वाचा: बऱ्याच इंजिनांबरोबर इनटेक, कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, सेल्फ, फ्लायव्हील, वॉटर पंप यांतलं काहीच येत नाही.

भंगारातलं घ्यायचं तर ब्लॉकवरचे ओतीव आकडे टिपून मगच बोलणी करा. 'हे ३५० आहे' असं सांगून ३०५ विकणं हा तिथला जुना धंदा आहे. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

कॅलिफोर्नियात नोंदणीला इंजिनाचं वर्ष आड येतं का?

तिथे १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना धुराची तपासणी नाही. म्हणून खऱ्या १९३२ च्या कागदपत्रांवर चालणारी ड्यूस सुटते. नव्या फायबरग्लास किंवा नव्या पत्र्याच्या बॉडीवर बांधलेली गाडी 'स्पेशली कन्स्ट्रक्टेड' ठरते. त्यांच्यासाठी दरवर्षी पहिल्या ५०० गाड्यांना जिच्यासारखी दिसते त्या वर्षाचे नियम लावून घेण्याची सोय आहे. तो कोटा जानेवारीत उघडतो. इंजिन ठरवायच्या आधी त्याची चौकशी करा. इतर राज्यांचे नियम वेगळे आहेत.

घरच्यांची जुनी फोर्ड महाराष्ट्रात आहे. तिची हॉट रॉड करू का?

करू नका.

फोर्डने १९२६ मध्ये मुंबईत कंपनी काढली, जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला कारखाना उघडला, आणि तिथे जोडलेल्या गाड्या संस्थानिकांकडे, डॉक्टर-वकिलांकडे गेल्या. त्यांतली एखादी आजवर टिकली असेल तर तिचं मोल मूळ रूपातच आहे. कायदाही तेच सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेपासून दूर नेणाऱ्या बदलांना आडवं येतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी स्पष्ट केलं. जुलै २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळू लागली, पण मोठा फेरफार न झालेल्या गाड्यांनाच. शेवरोलेचं ३५० घातलंत की त्या यादीतून बाहेर. हौस फिटवायचीच तर त्या गाडीचं मूळ इंजिन नीट बांधून घ्या.

इंजिन एका गाडीचं, गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीची. जोडताना काय तपासू?

शेवरोलेचं फ्लायव्हील १५३ दातांचं असतं किंवा १६८ दातांचं, आणि सेल्फचं तोंड त्यानुसार बदलतं. सेल्फचे बोल्ट एका रेषेत की तिरके, ते बघा. मॅन्युअल असेल तर क्रँकच्या तोंडात पायलट बुश (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक धरणारं) आहे ना, ते हात घालून तपासा. ऑटोमॅटिकवरून आलेल्या इंजिनात ते नसतं. बेलहाउसिंगचं भोक क्रँकच्या मध्याशी जुळतं का हे डायल गेज लावून मोजा. ५ थाऊपेक्षा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जास्त फरक आला तर ऑफसेट डॉवेल पिन घाला, नाहीतर टी-५ चं पुढचं बेअरिंग लवकर जातं. ऑटोमॅटिकला कन्व्हर्टर (क्लचच्या जागी असणारा तेलाचा डबा) पूर्ण आत बसवून, बेलहाउसिंग आवळल्यावर तो फ्लेक्सप्लेटपर्यंत (ऑटोमॅटिकसाठी फ्लायव्हीलऐवजी असणारी पातळ चकती) एक अष्टमांश ते तीन षोडशांश इंच पुढे ओढावा लागला पाहिजे. अजिबात ओढावा लागला नाही तर बोल्ट आवळू नका. आतला पंप फुटेल.

पहिल्यांदा सुरू करताना?

डिस्ट्रिब्युटर काढा, ड्रिलने तेलाचा पंप फिरवा आणि गेजवर दाब येऊ द्या. शेवरोलेचा पंप घड्याळाच्या दिशेने, फोर्डच्या ३०२ चा उलट. दाब आला तरी ड्रिल चालूच ठेवा, वरच्या रॉकरमधून तेल झिरपलेलं दिसेपर्यंत. जुन्या पद्धतीचा सपाट टप्पेटचा कॅम असेल तर जस्त असलेलं ब्रेक-इन तेल घाला. टायमिंग आधीच जुळवून ठेवा, म्हणजे इंजिन पहिल्या सेल्फला उचलेल. खुरडत सेल्फ मारत बसलात तर कॅमची उंचवटी तिथेच झिजते. सुरू झालं की आयडलला सोडू नका. लगेच २००० ते २५०० आरपीएमवर न्या आणि वीस-तीस मिनिटं तिथेच थोडं वरखाली करत राहा. रेडिएटरसाठी पाण्याची बादली आणि आग विझवायचं सिलिंडर हाताशी, गॅरेजचं दार उघडं, आणि गिअर न्यूट्रलमध्ये आहे हे दुसऱ्या माणसाने बघितलेलं. मग तेल आणि फिल्टर बदला.